नागरिक सल्लागार समिती स्थापन करताना: लेखी उत्तराची अट आधी, सदस्यांची नावे नंतर

कोपरखैरण्यातील काही गृहनिर्माण सोसायट्यांच्या महासंघाला आपल्या पोलीस ठाण्यासाठी नागरिक सल्लागार समिती स्थापन व्हावी असे वाटते. अर्ज कोणाकडे करावा, समितीत कोण असावे, तिला कोणते अधिकार असावेत आणि शांतता समिती, महिला दक्षता समिती व पोलीस मित्र आधीपासून असताना या नव्या समितीची गरज पोलिसांना कशी पटवून द्यावी, अशी विचारणा त्यांनी केली आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस-नागरिक समित्यांची उभारणी आणि त्यांच्या सदस्यांचे प्रशिक्षण हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. शांतता समितीची बैठक गणेशोत्सव, नवरात्र, ईद अशा सणांच्या तोंडावर बोलावली जाते. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ आणि विसर्जनाचा बंदोबस्त पोलीस सांगतात आणि उपस्थित मंडळी सहकार्याचे आश्वासन देतात. महिला दक्षता समितीचा भर कौटुंबिक वादातील समुपदेशनावर असतो. पोलीस मित्र बंदोबस्ताला आणि गर्दीच्या नियोजनाला हातभार लावतात. या तिन्ही व्यवस्था उपयोगी आहेत आणि तिन्हींमध्ये पोलिसांना नागरिकांची मदत हवी असते. सल्लागार समितीचा हेतू याच्या उलट दिशेचा आहे. ठाण्याकडे असलेले मनुष्यबळ, वाहने आणि वेळ कोणत्या कामावर खर्च होतात, हद्दीतील कोणत्या वस्तीला त्यातले किती मिळते आणि लोकांना ठाण्यात कशी वागणूक मिळते, याबद्दल नागरिकांनी शिफारस करावी आणि पोलिसांनी तिचे उत्तर द्यावे, यासाठी ती असते. हे उत्तर लेखी, कारणांसह आणि ठरलेल्या मुदतीत मिळेल अशी सोय स्थापनेच्या आदेशातच करून घेतली नाही, तर काही महिन्यांत ही समितीही बंदोबस्ताच्या बैठकीत जमा होते. म्हणून माझा आग्रह असा आहे की सदस्यांची यादी तयार करण्यापूर्वी महासंघाने या एका अटीवर पोलीस उपायुक्तांशी चर्चा करावी.

लेखी उत्तर म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका ठाण्याच्या समितीत पॅकिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक ताई सदस्य होत्या. सोनसाखळी चोरीवर बरीच चर्चा झाल्यावर त्यांनी सांगितले की बीट मार्शलची मोटारसायकल त्यांच्या रस्त्यावरून रोज रात्री दहाच्या सुमारास जाते, तेव्हा दुकाने उघडी असतात आणि रस्ता भरलेला असतो. त्यांची दुसरी पाळी सुटते अकराला आणि त्यानंतर स्थानकापर्यंतच्या वाटेवर कोणीही नसते. वरिष्ठ निरीक्षकांनी तिथेच ड्यूटीचा तक्ता मागवला. फेरीची वेळ दुकाने बंद होण्याच्या हिशेबाने ठरवली गेली होती आणि कारखान्यांच्या पाळ्यांचा विचार त्यात कधी झालाच नव्हता. त्या बैठकीच्या इतिवृत्तातील नोंद साधारण अशी होती: “मुद्दा: दुसरी पाळी सुटल्यानंतर एमआयडीसी ते रेल्वे स्थानक रस्त्यावर गस्त नाही. शिफारस: मार्शलच्या फेरीची वेळ बदलावी. उत्तर: अंशतः मान्य. सोमवार ते शुक्रवार फेरी सव्वाअकरा वाजता होईल. शनिवारी नाकाबंदीमुळे मनुष्यबळ उपलब्ध नाही. आढावा: पुढील बैठक.” या नोंदीत नकारही आहे, पण त्याचे कारण लिहिलेले असल्यामुळे पुढच्या बैठकीत शनिवारच्या नाकाबंदीची जागा बदलता येईल का, हा प्रश्न विचारता आला. केवळ “सूचनांची नोंद घेण्यात आली” असे इतिवृत्त लिहिले गेले असते, तर ही चर्चा तिथेच संपली असती.

आपल्या भागासाठी या विषयाचा सर्वांत मोठा धडा भिवंडीचा आहे आणि भिवंडी ठाणे आयुक्तालयाच्याच हद्दीत येते. 1970 आणि 1984 या दोन्ही वर्षी तिथे भीषण दंगली झाल्या. 1970 च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली होती. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी प्रतिष्ठितांच्या शांतता समितीवर विसंबून न राहता मोहल्ल्या-मोहल्ल्यात दोन्ही समाजांतील सामान्य माणसांच्या समित्या उभ्या केल्या आणि बीटवरच्या पोलिसाला त्या कामाच्या केंद्रस्थानी ठेवले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे 1994 पासून मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. या कामाची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत एका पोलीस ठाण्याच्या बांधकामाला झालेल्या विरोधातून हिंसाचार उसळला. गोळीबारात दोन नागरिकांचा आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलिसांचा बळी गेला. ठाण्याची इमारत कुठे उभी राहावी यासारखा विषयही लोकांशी आधी आणि शांतपणे बोलण्याचा असतो. तसे बोलण्याची जागा एकदा तयार झाली म्हणजे ती आपोआप टिकते असे नाही. अधिकारी बदलतात, सदस्य वयस्कर होतात, बैठका लांबतात आणि गरज पडते तेव्हा ती जागा रिकामी असते.

सदस्यांच्या निवडीकडे वळताना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. सोसायट्यांच्या महासंघाने पुढाकार घेतला हे स्वागतार्ह आहे, परंतु समिती महासंघाची असू नये. कोपरखैरण्याची हद्द डोळ्यांसमोर आणावी. सिडकोने वसवलेली माथाडी कामगारांची घरे, कोपरखैरणे, खैरणे, बोनकोडे यांसारखी आगरी-कोळी गावठाणे, नव्या इमारतींची संकुले, त्यांत घरकामाला येणाऱ्या महिला, भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय तरुण, फेरीवाले आणि रिक्षाचालक अशी तिथली वस्ती आहे. यांपैकी सोसायटीच्या पदाधिकाऱ्याला वरिष्ठ निरीक्षकांना फोन करणे अवघड नसते. ज्यांचा पोलिसांशी संबंध सर्वाधिक येतो आणि ज्यांना ठाण्याची पायरी चढण्याची भीतीही सर्वाधिक वाटते, त्यांना मात्र या समितीची गरज आहे. ब्रिटनमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील 1981 च्या दंगलीनंतर चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालामुळे पोलीस-नागरिक विचारविनिमयाचे गट सुरू झाले, पण त्यांच्यावर पुढे मुख्य टीका हीच झाली की ज्या तरुणांशी पोलिसांचा रोज संघर्ष होत होता ते तरुण त्या बैठकांना येत नव्हते आणि स्थिरस्थावर झालेली मंडळीच तिथे बोलत होती.

पंधरा-सोळा सदस्य पुरेसे होतात. सोसायट्यांचे दोन किंवा तीन प्रतिनिधी, गावठाण आणि माथाडी वसाहतीचे प्रत्येकी दोन, घरकामगार व कारखान्यातील महिला, दुकानदार, रिक्षाचालक, महाविद्यालयीन विद्यार्थी, शाळेतील एक शिक्षक, एक अपंग व्यक्ती, एक वकील आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे एक प्रतिनिधी अशी साधारण रचना असावी. निम्म्या महिला असाव्यात. नगरसेवक आणि पक्षांचे पदाधिकारी यांना विषयानुसार निमंत्रित म्हणून बोलवावे, सदस्य करू नये. ज्यांच्या व्यवसायाला पोलिसांच्या परवानगीची किंवा दुर्लक्षाची सतत गरज असते, त्यांना समितीत घेणे टाळावे.

चारित्र्य पडताळणीबाबत आपल्या भागात विशेष काळजी घ्यावी लागते. ‘ज्याच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही तोच सदस्य’ असा सरसकट नियम निर्दोष वाटतो, पण नवी मुंबईच्या गावांनी जमिनीसाठी दीर्घ लढा दिला आहे. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले आणि त्यानंतरही आंदोलने होत राहिली. माथाडी कामगारांचीही आंदोलनांची परंपरा आहे. जमावबंदीचा भंग किंवा रास्ता रोको यांसारख्या गुन्ह्यांमुळे नाव बाद करायचे ठरवले, तर गावठाणातील आणि कामगारांतील जाणती, लोकांचा विश्वास असलेली माणसेच बाहेर राहतील. म्हणून नियमात महिलांवरील अत्याचार, खंडणी, फसवणूक, हिंसाचार, अंमली पदार्थ असे गुन्ह्यांचे प्रकार नमूद करावेत आणि आंदोलनातील गुन्हे स्पष्ट शब्दांत वगळावेत.

अध्यक्षपद नागरिकाकडे असावे आणि ठाण्यातील सहायक पोलीस निरीक्षक दर्जाचे अधिकारी सदस्य सचिव असावेत. वरिष्ठ निरीक्षकांनी प्रत्येक बैठकीला उपस्थित राहणे बंधनकारक असावे, परंतु त्यांनीच अध्यक्षस्थानी बसावे ही प्रथा स्वीकारू नये, कारण उत्तर देणारा आणि प्रश्नाला परवानगी देणारा एकच असला की अवघड प्रश्न विषयपत्रिकेवर येतच नाही. बीट अंमलदारांनाही आळीपाळीने बोलवावे. भिवंडीचा अनुभव पाहता, गल्लीतल्या घडामोडी ज्याला ठाऊक आहेत त्या पोलिसाला बाजूला ठेवून केलेली चर्चा फार वरवरची होते. शिवाय बारा-बारा तास ड्यूटी करणाऱ्या अंमलदाराची अडचणही नागरिकांच्या कानावर पडली पाहिजे. बंदोबस्तासाठी निम्मे ठाणे बाहेर गेलेले असताना गस्त का कमी झाली, हे समजल्यावर शिफारशी अधिक शहाणपणाच्या होतात.

आता अधिकारांचा प्रश्न. समितीने एखाद्या विशिष्ट गुन्ह्याच्या तपासात, अटकेत, जामिनात किंवा तडजोडीत कोणत्याही प्रकारे लक्ष घालू नये, हे आदेशात ठळकपणे लिहून घ्यावे. अशा समितीच्या नावावर मांडवली सुरू झाली की तिची प्रतिष्ठा परत मिळत नाही. परंतु या मर्यादेचा आधार घेऊन ‘हा तपासाचा विषय आहे’ असे सांगत प्रत्येक प्रश्न टाळला जाण्याचा धोकाही असतो, म्हणून प्रकरण आणि पद्धत यांतील सीमारेषा सदस्यांना नीट समजावून द्यावी लागते. समजा, एका सदनिकेत चोरी झाली आणि घरकाम करणाऱ्या महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलावून तासन्‌तास बसवून ठेवले गेले. त्या चोरीच्या तपासाबद्दल समिती काहीही बोलणार नाही. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 179 नुसार साक्षीदार म्हणून महिलेला तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नाही, तेव्हा या ठाण्यात घरकामगार महिलांची विचारपूस कुठे केली जाते, त्यांना बोलावल्याची नोंद कुठे होते आणि त्या वेळी महिला अंमलदार हजर असतात का, हे विचारणे पूर्णपणे समितीच्या कक्षेत येते. मी पाहिलेल्या समित्यांमध्ये सोसायटीचे प्रतिनिधी आणि घरकामगारांच्या प्रतिनिधी एका टेबलाशी बसून या विषयावर बोलल्या, तेव्हा दोन्ही बाजूंना बऱ्याच गोष्टी प्रथमच कळल्या. अशी चर्चा घडवून आणणे हे या समितीचे सर्वांत मोलाचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

याच पद्धतीने आणखी काही प्रश्न विचारता येतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या संहितेनुसार गुन्ह्याची माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते आणि देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर सही करायची असते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य द्यावी लागते आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादी किंवा पीडित व्यक्तीला कळवावी लागते. गेल्या तिमाहीत अशी माहिती किती प्रकरणांत दिली गेली, केवळ हद्दीच्या कारणावरून किती लोकांना परत पाठवले गेले, अदखलपात्र नोंदींचे (ज्यांत पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत अशा तक्रारींचे) प्रमाण कसे आहे, हे आकडे नावांशिवाय मागता येतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचे आणि चित्रीकरण जपून ठेवण्याचे निर्देश दिले आहेत. आपल्या ठाण्यातील कॅमेरे चालू आहेत का, हाही साधा आणि रास्त प्रश्न आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या महिलांची आणि पीडित बालकांची ओळख उघड करणे मात्र कायद्याने गुन्हा आहे, हे पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगावे आणि बैठकीत कानावर आलेली कोणतीही वैयक्तिक माहिती व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाणार नाही, असे लेखी हमीपत्र घ्यावे.

पोलिसांविरुद्धच्या वैयक्तिक तक्रारीची जागा ही समिती नव्हे. त्यासाठी पोलीस उपायुक्त आहेत आणि पोलीस सुधारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिलेल्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात 2014 साली झालेल्या दुरुस्तीने राज्य व विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. समितीने तक्रारदाराला ही वाट दाखवावी, अर्ज लिहिण्यास मदत मिळेल अशी व्यवस्था सांगावी आणि तिथेच थांबावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात, असे मी नेहमी सांगतो. सदस्यांना पोलिसांचे बोधचिन्ह असलेली ओळखपत्रे देऊ नयेत. तमिळनाडूत 1993 साली रामनाथपुरम जिल्ह्यातून सुरू झालेल्या ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ या नागरिक स्वयंसेवकांच्या योजनेचा हेतू चांगला होता, परंतु 2020 मध्ये सातनकुलम येथील पिता-पुत्रांच्या कोठडीतील मृत्यूनंतर या योजनेतील स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि राज्य सरकारने तिच्यावर बंदी घातली. नागरिकाच्या हाती पोलिसाचा अधिकार, किंवा त्या अधिकाराचा आभासही, देऊ नये. दुसरी गोष्ट पैशाची आहे. ठाण्यासाठी कॅमेरे, बॅरिकेड, खुर्च्या किंवा पाण्याचे यंत्र मिळवून देण्याकरिता समितीने कधीही वर्गणी गोळा करू नये, कारण ज्याच्या देणगीवर ठाण्याचे सामान आले आहे, त्याला पुढच्या वेळी ना म्हणणे अधिकाऱ्याला जड जाते आणि देणगी न देऊ शकणारी वस्ती समितीत असूनही नसल्यासारखी होते.

बैठक ठाण्याच्या आवारात घेऊ नये. महापालिकेची शाळा, गावठाणातील समाजमंदिर, सोसायटीचे सभागृह अशा जागी ती फिरती ठेवावी. वेळही विचारपूर्वक ठरवावी. एपीएमसीतील (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या बाजारातील) माथाडी कामगाराचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो आणि घरकाम करणाऱ्या महिलेला सकाळ मोकळी मिळत नाही, त्यामुळे रविवारी संध्याकाळची वेळ बहुतेकांना जमते. दोन महिन्यांतून एक बैठक पुरते. विषयपत्रिका आठ दिवस आधी सर्वांना मराठीत आणि गरज असेल तिथे हिंदीतही मिळावी, इतिवृत्त पंधरा दिवसांत तयार होऊन ठाण्याच्या फलकावर लागावे आणि त्याची प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांकडे जावी.

अर्ज पोलीस आयुक्त, नवी मुंबई यांच्या नावे, परिमंडळाच्या उपायुक्तांमार्फत करावा आणि त्याची पोच आवक क्रमांकासह घ्यावी. केवळ वरिष्ठ निरीक्षकांच्या सद्भावनेवर समिती स्थापन करण्याचा मोह होतो, कारण ते लवकर होते. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार निरीक्षकांचा एका ठाण्यातील सर्वसाधारण कार्यकाल दोन वर्षांचा असतो आणि नवे अधिकारी आल्यावर जुन्यांच्या तोंडी शब्दाला आधार उरत नाही. केरळमध्ये 2008 पासून चालू असलेला जनमैत्री सुरक्षा हा पोलीस-नागरिक सहकार्याचा प्रकल्प अधिकाऱ्यांच्या बदल्यांनंतरही टिकला, याचे एक मोठे कारण माझ्या मते हे आहे की तो राज्याच्या धोरणाचा भाग होता आणि 2011 च्या केरळ पोलीस अधिनियमात अशा कामाला कायद्याचा आधार मिळाला. आपल्याकडे निदान आयुक्तांचा लेखी आदेश तरी हवा. त्यात समितीचा उद्देश, रचना, दोन वर्षांची मुदत, दरवर्षी निम्मे सदस्य बदलण्याची पद्धत, शिफारशीला तीस दिवसांत कारणांसह उत्तर आणि बदलीच्या वेळी प्रलंबित शिफारशींची यादी नव्या अधिकाऱ्यांकडे सोपवण्याची जबाबदारी, इतके मुद्दे असले तरी पुरे.

अर्जासोबत मोठे निवेदन जोडण्यापेक्षा हद्दीतील वेगवेगळ्या वस्त्यांतून गोळा केलेले आठ-दहा नेमके प्रश्न जोडावेत. महासंघाच्या शिक्क्याखाली केवळ अध्यक्ष-सचिवांच्या सह्या न ठेवता गावठाणातील मंडळ, महिला बचत गट, रिक्षा संघटना यांच्याही सह्या घ्याव्यात, म्हणजे ही मागणी एका वर्गाची नाही हे अधिकाऱ्यांना पहिल्याच पानावर दिसेल.

वर्षभराने आढावा घेताना गुन्ह्यांची संख्या कमी झाली का, या प्रश्नावर फार विसंबू नये. समिती चांगली चालली, तर पूर्वी गप्प बसणाऱ्या महिला तक्रार द्यायला पुढे येतात आणि नोंदलेले गुन्हे काही काळ वाढतातही; अशा वेळी आकड्यांवर बोट ठेवून समिती अपयशी ठरवणे अन्यायाचे होईल आणि तसे घडल्यास सदस्यांनी ते उपायुक्तांना लेखी समजावून द्यावे. त्याऐवजी किती शिफारशी केल्या, किती मुदतीत उत्तरल्या गेल्या, किती मान्य झाल्या आणि मान्य झालेल्यांपैकी किती प्रत्यक्ष ड्यूटीच्या तक्त्यात किंवा ठाण्याच्या आदेशात उतरल्या, हे इतिवृत्तांवरून मोजावे.

अर्ज देऊन दोन महिने झाले आणि उत्तर आले नाही, तर स्मरणपत्र देऊन उपायुक्तांची भेट मागावी आणि तोपर्यंत सर्व वस्त्यांचे प्रतिनिधी एकत्र बसवून आपल्या बाजूच्या बैठका सुरू कराव्यात. त्या बैठकांची इतिवृत्तेही त्याच नमुन्यात लिहावीत, फक्त उत्तराचा रकाना रिकामा ठेवावा आणि प्रत दर वेळी ठाण्याच्या आवक विभागात देऊन पोच घ्यावी.